साहेब कोहमाऱ्यात पोचलेत

माझा भाऊ हसत हसत लढाईवर गेला, असं पेपरात छापून आलं होतं. खोटं आहे. मी गोंदिया स्टेशनवर त्याच्या शेजारी उभी होते. तो शिव्या देत गेला.

त्याचं नाव लोकेंद्र बिसेन. आमचं गाव दवनीवाड्याच्या पुढं, सगळं धानाचं. आम्ही जातीनं पवार. आपले पूर्वज माळव्यातून आले हे बाबूजी प्रत्येक पाहुण्याला असं सांगायचे, की जणू ते कालच बैलगाडीतून उतरलेत. बाबूजी म्हणजे छोटेलाल, माय रामकली, थोरला लोकेंद्र, मधला उमेंद्र आणि शेंडेफळ मी, रुचि. एवढंच घर.

लोकेंद्र भाऊ शेतकरी होता. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान आहे, तिच्यावर ते कुठंच लिहिलेलं नाही. बारावीला दांडी मारून तो शेतात गेला तो परत कॉलेजात गेलाच नाही. बाबूजींनी त्याला दोन थोबाडीत दिल्या. तो म्हणाला, "आणखी दोन मारा, पण मी शेतच करतो." त्याला चिखलणी करताना बघायला पाहिजे होतं. गुडघाभर चिखलात, भर पावसात, बेसूर गाणी म्हणत बैलांच्या मागं. बैलांना त्यानं कधी टोचलं नाही, पण माणसांना मात्र टोचायचा. रोवणीच्या ओळीत कोणी रोप तिरकं लावलं की तिथूनच ओरडायचा. धान निघालं की ओल्या जमिनीत लाखोरीच्या डाळीचं बी टाकायचा आणि म्हणायचा, "हे पाहा, फुकटचं पीक. जमिनीले थोडं इचारा तं लागते." संतापी होता, जेवताना बोलायचा, पायात काटा गेला तरी चप्पल घालायचा नाही.

सैन्यात जायचं होतं ते उमेंद्रला. तो रोज पहाटे रस्त्यानं धावायचा, झाडाच्या फांदीला लोंबकळायचा, भिंतीवर जवानांची चित्रं लावायचा. पंचाण्णव साली भंडाऱ्याला भरती निघाली. तेव्हा आमचा गोंदिया जिल्हा व्हायचा होता, सगळं भंडाऱ्यालाच. लोकेंद्र भाऊ त्याच्याबरोबर गेला तो त्याचे कपडे सांभाळायला. मैदानाच्या कडेला उमेंद्रची पँट खांद्यावर टाकून उभा होता. एका हवालदारानं हटकलं, "तू क्यों खड़ा है? दौड़!" भाऊनं पँट खाली ठेवली आणि अनवाणी धावला. नुसता गंमत म्हणून. पहिल्या काही जणांत आला.

उमेंद्र धावण्यात पास झाला आणि उंचीत गेला. पट्टीला डोकं लागावं म्हणून तो टाचा उचलून उभा राहिला, तर डॉक्टरनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

दोघं घरी आले; निवड भाऊची झाली होती. भाऊनं मायला सांगितलं, "मी नाई जाणार. उमेंद्र पुढच्या वर्षी पुन्हा पाहीन." बाबूजी पडवीत बसले होते. ते उठले, "नाई जाणार म्हणजे? सरकारी नोकरी घरी चालून आली अन् तू तिले हाकलून राहिला?"

"मले शेत पाहिजे, बाबूजी."

"शेत कुठं पळून चाललं? पंधरा वर्षं कर, पेन्शन घे, मंग बस शेतात."

माय काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही, मला तेव्हा त्याच्या वर्दीची हौस होती. उमेंद्र बाहेर जाऊन गोठ्यात बसला. भाऊ त्याच्या मागं गेला. मी दाराशी होते, मला ऐकू आलं. भाऊ म्हणाला, "तुले जे पाहिजे होतं ते मले भेटलं, अन् मले जे पाहिजे होतं ते तुले. आता तोंड पाडून बसू नको. बैलं सांभाळजो."

उमेंद्र म्हणाला, "मले बैलं आवडत नाई."

"मले तरी बंदूक कुठं आवडते बे?"

असा माझा भाऊ सैनिक झाला. कोणाच्या हाकेला ओ देऊन वगैरे नाही.

पण एकदा गेल्यावर त्यानं काम नीट केलं, हेही खरं. कामचुकारपणा त्याच्या अंगातच नव्हता. सुट्टी मागायचा ती रोवणीची किंवा कापणीची. इतर जवान दिवाळी मागत, हा पाऊस मागायचा. घरी आला की ट्रंक उघडायच्या आधी शेतात जाऊन उमेंद्रच्या चुका काढायचा. मग दोघांचं भांडण, मग दोघं मिळून पाणी भरलेल्या बांधीतले मासे पकडायला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. चंचल वहिनी आमगावकडची. बारीक, सावळी, आणि भाऊपेक्षा जोरात बोलणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "गाणं नका म्हणू जी, म्हशी दूध चोरतात." बाबूजीसुद्धा हसले. त्यांचा संसार म्हणजे एक लग्नाची सुट्टी आणि दुसरी पुढच्या वर्षीची, शेवटची.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात आमचा जिल्हा वेगळा झाला. गोंदियात फटाके वाजले. त्याच महिन्याच्या शेवटी भाऊ सुट्टीवर आला. या वेळी रोवणी करूनच जाणार होता. रेडिओवर कारगिलच्या बातम्या चालू होत्या. तो ऐकायचा आणि बंद करायचा. रोवणीच्या रोपांचे पऱ्हे टाकायला त्यानं वरच्या कोपऱ्यातली जमीन तयार केली, बी भिजवलं, टाकलं. रोपं अजून बोटभर झाली नव्हती, तोच तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा.

तो चिडला. असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. ट्रंकेत कपडे कोंबत होता आणि बोलत होता, "वर्षभर बर्फात सडलो, एक महिना मागतला, थोही पुरा नाई देत." वहिनी शेजारी उभी राहून घड्या करून देत होती आणि तो त्या विस्कटत होता. माय म्हणाली, "नको जाऊ मंग." तो थांबला. म्हणाला, "पोट्टे वर अडकून आहेत, माय. माह्याच कंपनीचे पोट्टे. मी कसा नाई जाऊ?" आणि परत शिव्या द्यायला लागला.

स्टेशनवर त्यानं उमेंद्रला सांगितलं, "खालच्या बांधीत पाणी जास्त नको ठेवू, रोपं कुजतीन." वहिनीला काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी तोंड फिरवलं होतं. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता, कपाळाला आठ्या. कुठलाही नारा नाही. पेपरवाला तिथं नव्हता. मी होते.

*

आमच्या गावात तेव्हा फोन एकाच घरी होता, मुन्नालालच्या. मुन्नालाल राईस मिलवाला. निवडणूक कोणाचीही असो, स्टेजवर मुन्नालाल असायचा. जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी त्याच्या घरी निरोप आला, की जवान लोकेंद्र बिसेन द्रासच्या बाजूला कामी आला.

आमचं घर मुन्नालालच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तो आला नाही. त्यानं आधी गोंदियाला फोन लावला आणि ओळखीच्या पेपरवाल्याला बोलावलं. पेपरवाला मोटारसायकलवर येईपर्यंत मुन्नालाल पांढरे कपडे घालून घरात बसून राहिला. तेवढ्या वेळात माय शेतावर गेली. आम्ही सगळेच गेलो. रोवणी सुरू झाली होती.

ती खाली वाकून भाऊनं टाकलेले पऱ्हे उपटत होती, मुठी बांधत होती. मुन्नालाल शेताच्या धुऱ्यावरून आला, मागं कॅमेरा घेऊन तो पेपरवाला. माय तशीच वाकलेली, मान वर करून बघितलं.

"रामकलीबाई," मुन्नालाल म्हणाला, "तुमचा लोकेंद्र देशाच्या कामी आला."

मायला कळलं नाही. तिनं विचारलं, "कोणत्या कामाले?"

मुन्नालालनं टोपी काढली. तेव्हा तिला कळलं. तिचं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी फ्लॅश उडाला.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर होता. चिखलाचे हात, हातात रोपांची मूठ, उघडं तोंड, तोंडातला पडलेला दात. खाली लिहिलं होतं: नव्या जिल्ह्याचा पहिला शहीद. ते खरं की खोटं हे कोणी तपासलं नाही. जिल्हा नवा होता, त्याला काहीतरी पहिलं हवं होतं. लोकांनी तो कागद कापून ठेवला. एका दुकानदारानं फ्रेम करून लावला. मी आजही त्या दुकानात जात नाही.

भाऊचं शरीर नागपूरहून सैन्याच्या गाडीतून आलं. सोबत एक सुभेदार आणि काही जवान. आम्हाला त्याला आमच्या शेताच्या कडेला न्यायचं होतं. मुन्नालालनं ठरवलं, शाळेचं पटांगण. तिथं मांडव पडला होता, स्टेज होतं, माईक होता. आम्हाला कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तरी बाबूजी हो म्हणाले असते. ते त्या दिवसांत सगळ्यांना हो म्हणत होते.

आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली. रोवणी अर्धी टाकून बाया आल्या, पायांना चिखल तसाच. त्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. ते रडत होते ते खरं होतं.

दुपारी बाराला अग्नी द्यायचा होता. मुन्नालालनं माईकवर सांगितलं, साहेब येत आहेत, त्यांच्या आल्यावरच. साहेब म्हणजे मुंबईतले एक मोठे पुढारी. आम्ही थांबलो. पाऊस येऊन गेला, ऊन पडलं, जमिनीतून वाफ निघायला लागली. पेटीभोवती बर्फाच्या लाद्या लावल्या होत्या, त्या वितळून पाणी बायांच्या पायांखाली यायला लागलं. मुन्नालाल पोलिसांच्या वायरलेसकडे जाऊन यायचा आणि माईकवर सांगायचा, "साहेब नागपूरहून निघालेत." मग, "साहेब साकोलीच्या पुढं आहेत." मग, "साहेब कोहमाऱ्यात पोचलेत."

कोहमारा म्हणजे हायवेवरून गोंदियाकडे वळायचा चौक; तिथून आमचं गाव किती लांब आहे हे पटांगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेवढ्या वेळात बैलगाडीही बरीच वाट कापती. साहेब कोहमाऱ्यात पोचलेत. परत थोड्या वेळानं, साहेब कोहमाऱ्यात पोचलेत. नंतर कळलं, चौकातल्या धाब्यावर कार्यकर्त्यांनी त्यांचं स्वागत ठेवलं होतं, जेवणासकट.

मला वास आला. मी आधी मनाला समजावलं की तो ओल्या लाकडांचा असेल. मग वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तिलाही आलाय.

मायलाही आला असणार. ती उठली, पेटीजवळ गेली आणि सुभेदाराला म्हणाली, "मले दाखवा."

सुभेदार वयस्क माणूस होता. हळू म्हणाला, "माताजी, चेहरा मत देखिए."

"मंग पाय दाखवा."

त्यानं जवानांना खूण केली. त्यांनी झाकण सरकवलं आणि पायांवरचं कापड बाजूला केलं. मायनं त्याचे तळवे हातात धरले. आमच्या भाऊचे पाय रुंद होते, भेगांचे, चिखलाचे. ते तेच होते. फक्त बोटं काळी पडली होती, जळल्यासारखी.

"हे काळे काऊन झाले?" मायनं विचारलं.

"ऊपर बहुत बर्फ है, माताजी."

ती बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग तिनं कापड ओढलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "उचला."

मुन्नालाल धावत आला. "थांबा थांबा, साहेब कोहमाऱ्यात..."

"तुहा साहेब कोहमाऱ्यात मरो!" माय ओरडली. माईक चालूच होता, सगळ्या पटांगणात ऐकू गेलं. "माहा लेक सडून राहिला इथं! त्याले कोणाची वाट पाहायले लावता? थो कोणाचा नोकर होय का?"

सुभेदार चाचरला. "माताजी, ऊपर से आदेश है..."

"वरून?" माय त्याच्याकडे वळली. "वर तं माहा लेक गेला होता. आता थो खाली आला. तुमचं वरचं राहू द्या वरतं. उचला म्हणते मी."

कोणी हललं नाही. मग चंचल वहिनी उठली आणि पेटीच्या एका कोपऱ्याला तिनं हात घातला. एकटीनं उचलायला लागली. पेटी हललीसुद्धा नाही, पण ती सोडेना, दात आवळून ओढत होती. उमेंद्र धावला. मग मी. मग चिखलाच्या पायांच्या बाया. सुभेदारानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात हुकूम दिला. जवान पुढं आले. त्यांनी आमच्या हातातून पेटी घेतली, फार सांभाळून.

सलामी झाली, बंदुका झडल्या. बाबूजी खाली बसून राहिले, म्हणून अग्नी उमेंद्रनं दिला.

लाकडं ओली होती, धूर खूप झाला. ज्वाळा नीट वर आल्या तेव्हा गाड्यांचा ताफा आला. साहेबांनी हार आणला होता, तो ठेवायला जागा राहिली नव्हती. मुन्नालालनं सुभेदाराला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, फोटोसाठी बंदुका परत झाडता येतील का. मी ऐकलं. सुभेदार म्हणाला, "नहीं." एवढंच. त्या दिवसात मला मनापासून आवडलेला तो एकच शब्द.

साहेबांनी भाषण केलं. "वीर जवान लोकेश," म्हणाले. माय चितेकडे तोंड करून बसली होती. तिथूनच, न वळता, ओरडली, "लोकेंद्र!" साहेब पुढं परत लोकेश म्हणाले. ती परत ओरडली. तिसऱ्यांदा त्यांनी नावच घेतलं नाही.

*

दिवाळीनंतर, धान कापून झालं तेव्हा, शालीकराम आला. साकोलीकडचा, भाऊच्या कंपनीतला. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता. त्यानं पडवीत बसून सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण बाकी सगळ्यांनी त्यात भर घातली आहे.

"आमी वर दारूगोळा पोचवत होतो. चढ असा, का माणूस हातानं चढे. थो पूर्ण वाटभर बडबडे. मले विचारे, रोवणी झाली असन का बे आता? मी म्हणलं, चूप राह्य, श्वास वाचव. मंग गोळे पडू लागले. एक पोट्टा पायाले लागून मधातच पडला, बोंबलून राहिला होता. याच्या माथ्यात राग चढला. त्या पोट्ट्यालेच शिव्या देत गेला, ओढत दगडामागं आणला. पोट्टा वाचला. मंग त्याचं सामान राहिलं होतं तिथं. दारूगोळा. थो वर पाहिजेच होता. आणाले गेला."

"कोणी सांगतलं होतं त्याले?" मायनं विचारलं.

"कोणी नाई, मावशी. पण आणणं लागतच होतं."

माय उठून आत गेली. शालीकराम म्हणाला, "मावशी रागावल्या का माह्यावर?" मी म्हणाले, नाही. ती सगळ्यांवरच रागावलेली असते आता.

तिला राग यायला कारणं कमी नव्हती, आणि लवकरच आणखी एक मिळालं. सव्वीस जानेवारीला चंचल वहिनीला शाळेच्या स्टेजवर बसवलं. वीरपत्नी. शाल, श्रीफळ. गावच्या बाया तिच्या पाया पडल्या, आमची चुलती सुशिलाबाईसुद्धा. वहिनी एकवीस वर्षांची होती. साठ वर्षांच्या बाया पाया पडत होत्या आणि ती पाय मागं घेत होती.

महिन्याभरात त्याच सुशिलाबाईच्या मुलीचं लग्न निघालं. वहिनी हळदीला गेली. ती मुलगी वहिनीची मैत्रीण, तिनंच हात धरून बसवलं होतं. वहिनीनं हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, तेवढ्यात सुशिलाबाईनं वाटी ओढून घेतली. "तू नको, बेटा. तू तिकडं बस."

वहिनी आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहत राहिली. मग उभी राहिली.

"काकूजी, तवा माह्या पाया पडल्या तुमी. स्टेजवर देवी होती मी. अन् मांडवात रांड?"

"असं कायले बोलते वं..."

"तुमी केलं, मी बोलली फक्त."

ती निघून आली. घरी येऊन तिनं ती शाल चुलीत घातली. मायनं थांबवलं नाही. लाकडी फुंकणी घेऊन माय शेजारी बसली आणि शाल नीट जळेपर्यंत फुंकत राहिली. खरं सांगायचं तर भाऊ गेला त्या दिवशी वहिनीच्या बांगड्या फोडणाऱ्या बायांमध्ये माय होती. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या रात्रीपासून ती वहिनीच्या ताटात आधी वाढायला लागली.

बाबूजींच्या मनात वेगळंच होतं. वहिनीला उमेंद्रच्या नावानं करायचं, घरातली घरात. उमेंद्र म्हणाला, "भाऊची नोकरी मले पाहिजे होती, थे नाई भेटली. त्याचं शेत मले नको होतं, थे गळ्यात पडलं. आता त्याची बायकोही? मी माणूस होय का खुंटी?" बाबूजींनी काठी उगारली. उमेंद्रनं ती धरली आणि हळूच बाजूला ठेवली.

वहिनी गोंदियाला नर्सिंगच्या कोर्सला गेली. पुढं सडक अर्जुनीकडे दवाखान्यात लागली. कोहमाऱ्याला दुधराम नावाचा ट्रॅक्टर मेकॅनिक होता. त्याची आई आजारी असायची, वहिनी सुई द्यायला जायची. दोन वर्षांनी वहिनी घरी आली, मायसमोर बसली आणि एका दमात सांगितलं की तिला दुधरामशी लग्न करायचंय.

मायनं एकच विचारलं, "दारू पिते का?"

"नाई."

"मंग कर."

पण गावाला बातमी लागली. तेव्हा गावाच्या वेशीवर भाऊच्या नावाची कमान उभी राहत होती. साहेब नाराज असल्यानं इतके दिवस अडकली होती. कमानीवर भाऊच्या नावापेक्षा मुन्नालालचं नाव मोठं होतं. उद्घाटनाला वीरपत्नी हवी होती. मुन्नालाल चार माणसं घेऊन घरी आला. बाबूजींनी त्यांना खाट टाकली.

"छोटेलालजी, ये क्या सुन रहे हैं?" मुन्नालाल रागात असला की हिंदीत जायचा. "शहीद की बीवी, मेकॅनिक के घर? जिले की इज्जत का सवाल है."

बाबूजी म्हणाले, "मी तिले समजावतो."

माय अंगण झाडत होती. खराटा हातात तसाच घेऊन आली. "कोणाची इज्जत म्हणलं, मुन्नालाल?"

"रामकलीबाई, तुमी शांततेनं..."

"शांततेनं? माह्या लेकाच्या मरणाचा निरोप तू घरात दाबून बसला, फोटोवाला येईपर्यंत. मी तुले तवा काई म्हणलं नाई. त्याले सडवलं तुमी, साहेबासाठी. कमानीवर तुहं नाव टाकलं, टाक. दगड तुहा. पण पोट्टी माही होय. तिच्या अंगावर तुले कमान बांधू देणार नाई मी. ऊठ."

"ऐका तं..."

तिनं खराटा खाटेवर मारला. धुळीचा लोट उठला. ते चौघं उठले. बाबूजी म्हणाले, "रामकली, पाहुणे आहेत." माय म्हणाली, "तुमाले पाहिजे तं तुमीही जा त्याईच्या संग." बाबूजी गेले नाहीत. तोंड वळवून बसले, आणि बरेच दिवस तसेच बसले होते.

लग्न नागऱ्याच्या महादेवाच्या देवळात झालं. माणसं मोजकी. वहिनीच्या माहेरचं कोणी आलं नाही. वहिनीचा भाऊ म्हणून मागं उभा राहिला तो उमेंद्र. मायनं वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, एकेक करून, कोणालाही हात लावू दिला नाही. दुधराम पाया पडला तेव्हा ती त्याला म्हणाली, "हिच्यावर आवाज चढवला तं मी कोहमाऱ्याले येईन. मले बस माहीत आहे."

कमानीच्या उद्घाटनाला आमच्या घरून कोणी गेलं नाही. एकटे बाबूजी तेवढे गेले.

*

मग वर्षं गेली. बाबूजी वारले. उमेंद्र शेत करतो. त्याला ते अजून आवडत नाही, पण धान चांगलं होतं. मी गोंदियात नोकरीला आहे. मायला दर पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे. ती जायची, खुर्चीवर बसायची, नारळ घ्यायची, बोलायची नाही.

दोन हजार बाराला निर्मलाबाई म्हणून नव्या मुख्याध्यापिका आल्या. चांगल्या होत्या, मुलांवर जीव लावायच्या. त्यांनी आदल्या दिवशी मला आणि मायला बसवून सांगितलं, "मावशी, या वेळी तुम्ही दोन शब्द बोला. जास्त नाही. एवढंच म्हणा की, मला आणखी मुलं असती तर तीही मी देशाला दिली असती. मुलांना प्रेरणा मिळते."

माय म्हणाली, "मले आणखी एक आहे ना. उमेंद्र."

"हो, पण... म्हणायचं फक्त."

माय उठून निघाली. मला वाटलं, तिला कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला, गाणी झाली. मुन्नालाल स्टेजवर होताच, म्हातारा, कानात यंत्र. मायला माईकसमोर नेलं. तिनं माईक हातानं खाली ओढला. मग बोलली. आवाज पक्का होता.

"मले सांगतलं, असं म्हण, का दुसरा असता तं थोही देला असता. मी नसता देला. पहिलाही मी नाई देला. थो आपल्या पोट्ट्यांसाठी गेला, शिव्या देत गेला. मी त्याले रोवणीसाठी मोठा केला होता."

पटांगणात मुलं बसली होती. काहींनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग थांबली. निर्मलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मुन्नालाल खुर्चीतून उठायला लागला, "मातेच्या भावना आपण..."

"बस खाली," माय म्हणाली. "माहं झालं नाई." ती मुलांकडे वळली. "तुमच्यातला कोणी जाईन फौजेत. जा. चांगलं काम होय. पण कोणाची माय इथं आणून तिच्या तोंडून असं बोलवू नका. माहं झालं आता."

ती खाली उतरली. नारळ तसाच राहिला. आम्ही मुलांच्या रांगेमधून बाहेर आलो. कोणी अडवलं नाही, कोणी चहा विचारला नाही. उन्हात मी तिचा हात धरला तर तिनं तो रागानं सोडवून घेतला आणि माझ्या पुढं चालायला लागली.

त्यानंतर शाळेनं तिला बोलावलं नाही. आता दुसऱ्या गावची एक आई आणतात. तिचा मुलगा कुठल्या तरी दुसऱ्या चकमकीत गेला. ती ते वाक्य म्हणते, सांगितलं तसं, हात जोडून. लोक डोळे पुसतात. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं. मला तिचा राग आला नाही. ते वाक्य तिच्या तोंडात देणाऱ्यांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.